करार २०२८ पर्यंतचा, तरी ड्रायव्हर जाणार अशी बातमी येते कशी? (फॉर्म्युला वन: करार, पगार आणि अफवा)

पांढरं_सोनं (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

तुरी सोंगून झाल्या, कापसाचा शेवटचा वेचा चालू आहे आणि शर्यतींचा हंगाम मार्चशिवाय उघडत नाही. त्यामुळे आमच्या गावच्या ग्रुपवर (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ) सध्या नुसत्या अफवांचं पीक आलंय. शर्यती सुरू असल्या की आम्ही मोजकी पोरं रविवारी संध्याकाळी कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत फॅनकोड ॲप टीव्हीला जोडून बसतो. युरोपातली शर्यत साडेसहाला सुटते, साडेआठपर्यंत निकाल लागतो. वाद मात्र आठवडाभर पुरतो, आणि तो गाडीपेक्षा 'कोण कुठे जाणार' याचाच जास्त असतो.

कोणीतरी यूट्यूबची लिंक टाकतो, मॅक्स व्हर्स्टापेन त्याची टीम रेड बुल सोडणार. खाली ठरलेला प्रश्न येतो, "अरे पण त्याचा करार २०२८ पर्यंत हाय ना? मंग कसा जाईन?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर मराठीत मला कुठे सापडलं नाही, म्हणून हा धागा. माझं म्हणणं आधीच मांडतो. करार झाला म्हणून ड्रायव्हर गाडीला बांधला जात नाही. जायचं झालं किंवा काढायचं झालं तर कोणी कोणाला किती भरून द्यायचे आणि ती मुभा कोणत्या तारखेपासून, एवढंच त्या कागदात ठरतं. वर्षाचा आकडा वरवरचा. खरी गोष्ट आतल्या कलमांत असते आणि तीच आपल्याला कोणी दाखवत नाही.

ड्रायव्हर लुईस हॅमिल्टनचंच घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये मर्सिडीजने जाहीर केलं, करार २०२५ अखेरपर्यंत. १ फेब्रुवारी २०२४ ला फेरारीने सांगितलं, २०२५ पासून हॅमिल्टन आमच्याकडे. लोक म्हणाले करार मोडला. मोडला नव्हता. एक वर्षानंतर बाहेर पडायची वाट त्याच करारात ठेवलेली होती आणि त्याने ती धरली. फटका बसला फेरारीच्या तेव्हाच्या ड्रायव्हरला, कार्लोस साइन्झला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. हंगाम सुरू व्हायच्या आधीच जागा गेली, तरी मार्चमध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर पंधरवड्यात येऊन त्याने मेलबर्न जिंकलं. तेवढं करूनही मोठ्या टीमचं दार उघडलं नाही, शेवटी जुलैअखेर विल्यम्सशी करार झाला. मला या माणसाबद्दल फार वाटतं.

आता मॅक्स व्हर्स्टापेन. मार्च २०२२ मध्ये त्याने २०२८ पर्यंतचा करार केला. २०२५ च्या उन्हाळ्यात बातम्या आल्या की उन्हाळी सुट्टीपर्यंत गुणतक्त्यात ठराविक क्रमांकाच्या खाली घसरला तर त्याला मोकळं होता येईल, असं कलम त्यात आहे. जूनअखेर मर्सिडीजच्याच ड्रायव्हरने, रसेलने, ऑस्ट्रियात उघड सांगितलं की मर्सिडीज व्हर्स्टापेनशी बोलणी करतेय. रसेलचा स्वतःचा करार त्याच वर्षी संपत होता हे लक्षात घ्या. ९ जुलैला टीमप्रमुख हॉर्नरला रेड बुलने काढलं. आणि ३१ जुलैला, हंगेरीच्या शर्यतीआधी, मॅक्स म्हणाला, २०२६ मध्ये मी इथेच. तेव्हा तो तिसरा होता. म्हणजे त्या अफवेला बूड होतं, मुदत होती, आणि मुदत उलटल्याबरोबर ती निवली.

म्हणून मी आता बातमी वाचताना आधी बघतो की कलमाची तारीख जवळ आली आहे का, आणि जिथे जाणार म्हणतात तिथली खुर्ची खरंच रिकामी होतेय का. या दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर मी ती लिंक उघडतसुद्धा नाही.

पगाराचे आकडे कोणतीच टीम सांगत नाही. फोर्ब्सचा २०२४ चा अंदाज मॅक्ससाठी साडेसात कोटी डॉलरचा होता, पगार आणि बोनस मिळून. आपल्या पैशात सहाशे कोटींच्या वर. तो अंदाजच आहे, पावती नाही, हे ध्यानात ठेवून बोलूया.

काटोलची_संत्री

धागा आवडला. साइन्झबद्दल +१.
पियास्ट्रीचं प्रकरण पण सविस्तर लिहा ना दादा. तेव्हा मी नुकतीच बघायला लागले होते, नीट कळलं नव्हतं.

पांढरं_सोनं

@काटोलची_संत्री, ताई, या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग तोच.

२८ जुलै २०२२ ला सेबास्टियन फेटेलने निवृत्ती जाहीर केली. ॲस्टन मार्टिनची एक जागा मोकळी झाली. १ ऑगस्टला ॲस्टन मार्टिनने सांगितलं, तिथे अलोन्सो येणार. अलोन्सो तेव्हा अल्पीनमध्ये होता आणि अल्पीनचे प्रमुख ओटमार साफनाउअर यांनीच नंतर सांगितलं की त्यांना ही पक्की खबर प्रसिद्धिपत्रकातूनच कळली. आपला ड्रायव्हर गेल्याचं टीमच्या प्रमुखाला चारचौघांबरोबर समजतं, विचार करा.

अल्पीनकडे राखीव ड्रायव्हर होता ऑस्कर पियास्ट्री. २०२० ला फॉर्म्युला थ्री, २०२१ ला फॉर्म्युला टू, या खालच्या दोन्ही पायऱ्या लागोपाठ जिंकलेला पोरगा. २ ऑगस्टला त्यांनी घाईघाईत जाहीर केलं की २०२३ मध्ये पियास्ट्री आमच्या गाडीत. त्या पत्रकात पियास्ट्रीचं स्वतःचं एक वाक्य नव्हतं. जाणकारांना तिथेच शंका आली. काही तासांत पोराने ट्विटरवर लिहिलं की माझ्या संमतीशिवाय हे जाहीर केलंय, मी २०२३ साठी अल्पीनशी करार केलेला नाही आणि मी तिथे चालवणार नाही.

प्रकरण करार मान्यता मंडळापुढे गेलं. १९९१ मध्ये शूमाकर स्पाला जॉर्डनच्या गाडीत उतरला आणि पुढच्याच शर्यतीला, मोंझाला, बेनेटनच्या गाडीत दिसला. त्यावरून जो गोंधळ झाला त्यातून हे मंडळ निघालं. काम जिनिव्हातून चालतं. ड्रायव्हर कोणाचा यावर दोन टीम भांडल्या की निवाडा इथे होतो.

सुनावणी २९ ऑगस्टला, निकाल २ सप्टेंबरला. मंडळाने एकमताने सांगितलं, मान्य होण्याजोगा करार एकच, मॅक्लारेन आणि पियास्ट्री यांच्यातला, तारीख ४ जुलै २०२२. म्हणजे अल्पीन पत्रक काढत होती त्याच्या महिनाभर आधीच पोराने दुसरीकडे सही केलेली. अल्पीनने त्याच्या शिकण्यावर, सरावावर खर्च केला होता, यात वाद नाही. पण २०२३ साठी बांधून ठेवेल असा पूर्ण करार त्यांनी वेळेत केलाच नव्हता. मनातल्या मनात पोरगा आपलाच धरून बसले.

आणि तिकडे मॅक्लारेनमध्ये रिकार्डोचा करार २०२३ पर्यंत होता. २४ ऑगस्टला तो परस्पर संमतीने एक वर्ष आधी संपवला. परस्पर संमती म्हणजे पैसे देऊन मोकळं केलं.

ढेपवाला

भाऊ मस्त लिहून रायले. मले एक सांगा, टीमच्या खर्चाले म्हणे मर्यादा लावली हाय. मंग येवढा पगार बसते कसा त्याच्यात?

पांढरं_सोनं

बसत नाही, बाहेर ठेवलाय. २०२१ पासून खर्चमर्यादा आली, पहिल्या वर्षी साडेचौदा कोटी डॉलर. त्यातून ड्रायव्हरांचे पगार आणि सगळ्यात जास्त पगाराची तीन माणसं वगळली आहेत. गाडीच्या पंखावर खर्च करायला मर्यादा, पण ड्रायव्हरवर हवा तेवढा करा. माझ्या मते त्यामुळेच वरच्या दोन-चार ड्रायव्हरांचा भाव चढत गेला. ज्या टीमकडे पैसा पडून आहे तिला तो घालायला उघडी जागा हीच राहिली.

जुना_वाचक_पुसद

मंडळी, पगाराचा आकडा मोठा म्हणून तो हातात पडतोच असं समजू नका. किमी रायकोनेन २०१३ मध्ये लोटसकडून चालवत होता. प्रत्येक गुणामागे बोनस, असा त्याचा करार. तो गुण मिळवत गेला आणि टीमकडचे पैसे आटत गेले. अबू धाबीला तो गुरुवारी आलाच नाही. आल्यावर सांगितलं की वर्षभरात एक युरोही मिळालेला नाही. शेवटच्या दोन शर्यती त्याने पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी सोडल्या. तोवर फेरारीशी २०१४ चा करार झाला होता म्हणून निभावलं. ज्याच्याकडे पुढची जागा नसते त्याने काय करावं?

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे फोर्स इंडिया. विजय मल्ल्यांची टीम. जुलै २०१८ मध्ये ती प्रशासकाच्या ताब्यात गेली, आणि ती कारवाई सुरू करणाऱ्यांत टीमचा स्वतःचा ड्रायव्हर सर्जिओ पेरेझ होता. त्याचे पैसे थकले होते. पण त्याने केलं ते टीम वाचावी म्हणून. दुसऱ्या कोणी आधी धाव घेतली असती तर कुलूप लागलं असतं आणि चारशेच्या आसपास माणसं घरी बसली असती. टीम वाचली, लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने घेतली, पुढे तिचीच ॲस्टन मार्टिन झाली.

आणि त्याच टीमने २०२० मध्ये पेरेझला, करार २०२२ पर्यंत असताना, फेटेलसाठी जागा करायला काढलं. डिसेंबरमध्ये त्याने साखीरची शर्यत शेवटून पुढे येत जिंकली. मी ती रात्री जागून पाहिली आणि डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज नाही.

पांढरं_सोनं

काका, पेरेझची पुढची गोष्ट तर माझ्या मुद्द्याचा पुरावाच. जून २०२४ मध्ये रेड बुलने त्याचा करार २०२६ पर्यंत वाढवला. डिसेंबर २०२४ मध्ये तडजोड करून मोकळा केला. सहा महिने! त्याच्या जागी लॉसन आला, तो दोन शर्यतींनंतर रेड बुलच्याच धाकट्या टीममध्ये. मग सुनोदा, आणि २०२६ साठी तोही नाही, इसाक हाजर. पेरेझ आता कॅडिलॅककडे. पण पेरेझला मोकळं करताना टीमला तडजोड करावी लागली, कारण कागद होता.

वर्धेकाठची (तालुका कोर्टात वकिली)

धागा वाचतेय, राहवलं नाही म्हणून लिहिते.

धागाकर्त्यांनी जे म्हटलंय त्याला कायद्याचा आधार आहे. माणसाच्या अंगच्या कौशल्यावर उभा असलेला करार न्यायालय जबरदस्तीने पाळायला लावत नाही. आपल्याकडे १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम १४ हेच सांगतं. गायकाला 'गा' असा हुकूम देता येत नाही, ड्रायव्हरला 'चालव' असाही नाही. मिळते ती नुकसानभरपाई. इंग्लंडच्या कायद्यातही मूळ तत्त्व तेच, आणि बहुतेक टीम तिथल्याच. म्हणून दोन्ही बाजूंचे वकील सगळी अक्कल एकाच जागी वापरतात, मोडलं तर किती.

दुसरं, आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७. कोणालाही त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल. "आमच्याकडून गेलास तर पाच वर्षं कुठेच चालवायचं नाही" असं कोणी लिहून घेतलं तर आपल्याकडे ते टिकायचं नाही.

काटोलची_संत्री

ताई, मग सॉबरवाला खटला कसा जिंकला तो डच ड्रायव्हर? कोर्टाने टीमला त्याला गाडी द्यायला सांगितलं होतं ना?

वर्धेकाठची

छान प्रश्न. खिडो फान डर खार्डं. मार्च २०१५, मेलबर्न. त्याचा सॉबरशी करार होता, त्याच्या पुरस्कर्त्यांनी पैसेही भरले होते. तरी टीमने दोन्ही गाड्या एरिक्सन आणि नासर यांना दिल्या. दोघांच्या मागे पैसा होता. हा गडी स्वित्झर्लंडमध्ये लवादापुढे गेला, निवाडा बाजूने लागला, आणि तो घेऊन ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात. तिथेही जिंकला. शुक्रवारी अंगात दुसऱ्याचा शर्यतीचा पोशाख चढवून तो टीमच्या गॅरेजात उभा राहिला. पहिल्या सरावाला सॉबरची एकही गाडी बाहेर पडली नाही.

पण नीट बघा. तिथे ड्रायव्हरवर सक्ती नव्हती, टीमला मज्जाव होता की याची जागा हिरावू नका. आणि शेवट काय झाला? शनिवारी त्याने गाडीवरचा हक्क सोडला. पुढे दीड कोटी युरो मिळाल्याच्या बातम्या आल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल खिशात असूनही त्याला तिथे शर्यत चालवता आली नाही, पैसेच घ्यावे लागले. मला तो निकाल वाचताना समाधान वाटलं नाही. पैसे मिळाले, पण तो पुन्हा कधी फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरला नाही.

राळेगावचा_मामा

ताई, तुम्ही आहात तर विचारून घेतो. भाचा सोळाचा आहे. डर्ट ट्रॅकवर बाइक चालवतो, जिल्ह्याबाहेरच्या स्पर्धांत नंबर काढलेत. एका टीमने (नाव लिहीत नाही) बोलावलं. कागद पाठवलाय, त्यात पाच वर्षं त्यांच्याकडेच चालवायचं, बक्षिसात आणि जाहिरातीत त्यांचा मोठा वाटा, आणि पहिल्या वर्षीचे 'प्रशिक्षण शुल्क' म्हणून लाखांत पैसे आम्हीच द्यायचे. जिजाजी दोन एकर गहाण टाकायला निघालेत. पोट्ट्याचं मन मोडवत नाही.

वर्धेकाठची

दादा, जमीन गहाण टाकू देऊ नका, आधी हे वाचा.

अठरा पूर्ण नसलेल्या मुलाने केलेला करार आपल्याकडे मुळातच रद्दबातल. मोहोरी बीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच हे पक्कं केलंय. म्हणून ते भाच्याची सही मागणार नाहीत, जिजाजींची मागतील, आणि त्यात 'मुलाने सोडलं तर पालक भरून देतील' असं वाक्य असेल. ते वाक्य शोधा. मुलगा करारात अडकत नाही, बाप अडकतो. शिवाय ते पैसे घेणार त्या बदल्यात नेमकं काय देणार हे लिहिलंय का? किती स्पर्धा, कोणती बाइक, टायर आणि दुरुस्ती कोणाची, मोडतोड झाली तर बिल कोणाला, हाड मोडलं तर दवाखाना कोणाचा? यातलं काही नसेल तर ती नुसती पैसे भरल्याची पावती.

कागदाचे फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवा, मी बघते. फी नको.

जुना_वाचक_पुसद

आणि मामा, त्या टीमचे ड्रायव्हर-रायडर कोण कोण होते, ते सोडून का गेले, हे त्यांनाच फोन करून विचारा. देशातल्या मोटरस्पोर्टची मान्यताप्राप्त संस्था एफएमएससीआय आहे. ज्या स्पर्धांचं नाव ते सांगतात त्या तिच्या यादीत आहेत का, ते आधी बघा.

पैसे भरून जागा मिळवणं हे वरपर्यंत चालतं, त्यात कमीपणा नाही. आपला नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डनमधून फॉर्म्युला वनमध्ये उतरला, पहिला भारतीय, त्याच्यामागेही टाटांचं पाठबळ होतं. पण ते उद्योगसमूहाचं पाठबळ. बापाच्या दोन एकरांवर हा खेळ होत नाही.

राळेगावचा_मामा

फार उपकार झाले. जिजाजींना फोन लावला, सावकाराकडे जायचं उद्यावर होतं, ते थांबवलं. कागद ताईंना पाठवले.

पटाची_जोडी

मी पयल्यांदाच लिवून रायलो, चुकलं तं सांभाळून घ्या.

मी शंकरपटात, म्हंजे बैलाच्या शर्यतीत, जोडी हाकलतो, धुरकरी हाय. घरची एक हाय, पण दुसऱ्याच्याच जास्त हाकलतो. बंदी होती तवा, २०१४ पासून, सगळं बसलं होतं. १६ डिसेंबर २०२१ ले सुप्रीम कोर्टानं परवानगी देली, १८ मे २०२३ ले घटनापीठानं कायदा कायम ठेवला. आता कलेक्टरची परवानगी लागते, जनावराचा डॉक्टर बैल तपासते, तुतारी-चाबूक बंद. बरंच झालं ते. म्हणजे बैलाचा कागद हाय, मैदानाचा कागद हाय. धुरकऱ्याचाच कागद नाई.

आमचं सगळं तोंडी. जोडीमालक इसार देते, नंबर आला तं बक्षिसात वाटा. वाटा किती, ते नंबर आल्यावर ठरते. आन अफवा म्हणान तं आमच्याइतक्या तुमच्या फॉर्म्युल्यातही नसतीन. पटाच्या आदल्या रात्री चायच्या टपरीवर उठते का अमक्यानं तमक्याची जोडी धरली. ते आयकून मालक घाबरते, दुसरा पोट्टा उभा करते, आन सकाळी खरा धुरकरी येऊन पाह्यते तं त्याची जागा गेली. माह्यासंग झालं हे.

मागच्या हंगामात छकडा पलटला. आमी कासरा कधी मनगटाले गुंडाळत नाई, बोटाच्या पेरात धरतो, का पडलो तं सुटला पायजे. त्यादिवशी सुटला म्हणून वाचलो, नाई तं फरफटत गेलो असतो. पण खांद्याचं हाड गेलं. मालकानं दवाखान्यात नेलं, पयलं बिल भरलं, मंग फोन उचलणं बंद. त्याचं नाव नाई घेत, त्याची बी अडचण असन. पण कापसाच्या वेचणीचा हंगाम माह्या घरचा गेला.

ताई, आमच्यासाठी येक कागद होऊ शकते का?

वर्धेकाठची

होऊ शकतो. दादा, तोंडी करारही कायद्याने करारच असतो, फक्त सिद्ध करणं अवघड जातं. लिहिलेला एक पानी कागद, दोन साक्षीदार, दोघांकडे एकेक प्रत. स्टॅम्प पेपर घेतला तर बरं. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या राज्यात १०० ऐवजी ५०० चा लागतो. परवडत नसेल तरी साध्या कागदावर लिहाच. काही नसण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

जुना_वाचक_पुसद

या दादांच्या पोस्टमुळे १९८२ आठवलं. किआलामी, दक्षिण आफ्रिका. सुपर लायसन्सच्या, म्हणजे फॉर्म्युला वन चालवायच्या परवान्याच्या, अर्जात असं कलम घुसवलं होतं की परवाना ठराविक टीमपुरताच. म्हणजे ड्रायव्हरला टीम बदलायची मोकळीक नाही. बरेच जण सही करून मोकळे झाले होते. निवृत्तीतून परत आलेल्या निकी लाउडाने अर्ज बारकाईने वाचला आणि सांगितलं, ही सही करायची नाही. सरावाच्या दिवशी ड्रायव्हर फाटकाशी आले की त्यांना बसमध्ये चढवलं आणि जवळपास सगळे हॉटेलात. रात्र एका दालनात जमिनीवर गाद्या टाकून काढली, दाराला पियानो लावून ठेवला, आणि एलिओ दे आंजेलिस तो पियानो वाजवत होता. त्यात मोठ्या पगाराचे होते, पहिल्या हंगामाचे होते. शेवटी बोलणी झाली, मग शर्यतही झाली. नंतर दंडही झाले, पण ते कलम मागे पडलं.

तुमच्या पट्ट्यातले धुरकरी एकमेकांना ओळखतच असतील. एकाने कागद मागितला तर मालक दुसरा बघेल. दहा जणांनी मिळून मागितला तर बघणार कोणाला?

पांढरं_सोनं

काका, हेच लिहायला आलो होतो. पटाची_जोडी भाऊ, ताईंच्या सांगण्यावरून मी एक कच्चा मसुदा केलाय. ताई, दुरुस्त करा.

अमुक मालक आणि अमुक धुरकरी यांच्यात अमुक पटासाठी ठरलं ते असं. इसार इतका, दिल्याची तारीख ही. इसार दिल्यावर मालकाने दुसरा धुरकरी उभा केला तर इसार धुरकऱ्याचा राहील आणि वर तेवढीच रक्कम मिळेल. धुरकऱ्याने दुसऱ्याची जोडी धरली तर इसार दुप्पट परत. बक्षीस रोख असो की मोटरसायकल, धुरकऱ्याचा वाटा इतका, आणि तो निकाल लागल्यापासून आठ दिवसांत. पावसाने किंवा परवानगी न मिळाल्याने पट झाला नाही तर इसार अर्धा परत. बैल लंगडत असेल किंवा डॉक्टरने नाकारला असेल तर धुरकरी जोडी हाकायला नकार देऊ शकेल आणि इसार परत मागितला जाणार नाही. पटात इजा झाली तर दवाखान्याचा खर्च आणि कामावर जाता येत नाही तितक्या दिवसांची मजुरी मालकाकडे.

ढेपवाला

बैल लंगडल्याचं कलम लय भारी टाकलं भाऊ. तेच्यावरून किती भांडणं पाह्यली हायेत.

वर्धेकाठची

मसुदा चांगला आहे. दोन दुरुस्त्या. 'दवाखान्याचा खर्च' एवढंच लिहू नका, 'बरा होईपर्यंतचा, पुढच्या तपासण्या आणि औषधांसह' असं लिहा. नाहीतर पहिलं बिल भरून मोकळं होता येतं, जसं या दादांच्या बाबतीत झालं. आणि हे कलम शेवटी नको, सगळ्यात वर आणा. सहीच्या वेळी माणूस पहिल्या चार ओळी वाचतो आणि घासाघीस शेवटच्या ओळींवर होते. दुप्पट रकमेबाबत एक सांगते, न्यायालय वाजवी वाटेल तेवढीच मंजूर करतं, पण लिहून ठेवा, धाक राहतो.

पटाची_जोडी

ताई, भाऊ, काका, आमच्याकडच्या समद्या धुरकऱ्यांच्या ग्रुपवर टाकला कागद. सातजण हो म्हणले, दोघं म्हणतात मालक चिडन. इजेचं कलम पयलं केलं. माह्या मालकाकडं उद्या सकाळी जातो दाखवाले. इसाराचा आकडा कोरा ठेवला हाय, तो समोर बसूनच ठरवू.